भोजराज पटलेंचं गोपनीय पत्र

"आमदाराची चिठ्ठी आनून देऊ का?" भोजराज पटले म्हणाले. "शिफारस म्हनलं का आमदार. आपली ओळख हाय."

"आमदार चालत नाही, काकाजी. या धंद्यातला मानूस पाहिजे. दहा वर्षं अनुभववाला."

योगेश्वरीनं फॉर्म टेबलावर ठेवला. पुण्याच्या कॉलेजात रिअल इस्टेटच्या एम.बी.ए.ला तिचा नंबर लागला होता. शिष्यवृत्ती मिळाली तरच पुणे, आणि अर्ज आज पाचच्या आत गोंदियाहून कुरिअरनं निघाला तरच शिष्यवृत्ती. शिफारसपत्र तेवढं राहिलं होतं.

दवनीवाड्यात रिअल इस्टेट म्हणजे भोजराज. तलाठी ऑफिससमोर टेबल टाकून ते बावीस वर्षं लोकांच्या जमिनी विकत होते. आपल्या धंद्याला असं भारी नाव आहे, हे त्यांना फॉर्मवरून कळलं. ते जरा ताठ बसले.

"याचं कॉलेज असते?"

"दोन वर्षाचं."

"दोन वर्षं काय शिकवतेत बापा? खोटं बोलाले दोन दिवस लागते."

टपरीवरून चहावाला मंगरू हसला. योगेश्वरीला हसू आलं नाही. वर्षभरात तिनं भोजराजचे तीन सौदे मोडले होते. लोक तिच्याकडे सातबारा घेऊन यायचे आणि ती तो खरोखरच वाचायची.

"तूच लिव्ह. मी सही मारतो."

"तुमालेच लिहा लागते. मी पाहाचंबी नाही. गोपनीय हाय."

भोजराजनी पेन मागून घेतला, कागदाला डाव्या हाताचा आडोसा केला आणि लिहायला लागले. योगेश्वरी बाकावर पाठमोरी बसली.

"सौंदडवाला सौदा कोनत्या महिन्यात मोडला वं तू?"

"जुलैत," ती म्हणाली.

अर्ध्या तासानं पत्र झालं. गोपनीय असल्यामुळे भोजराजनी ते फक्त मंगरूला वाचून दाखवलं. मंगरूची टपरी रस्त्यापलीकडे होती.

"'अर्जदार हिने माझे तीन सौदे मोडले. पहिल्या शेतात मालकाच्या बहिणीचा हिस्सा होता, तो मी दडवला. दुसऱ्या प्लॉटचा रस्ता फक्त नकाशात होता. सौंदडला बोडी, म्हणजे लहान तळे, बुजवून प्लॉट पाडले होते. हिने भर जुलैत गिऱ्हाइकाला तिथे नेले व बेडूक दाखवले. हिने यासाठी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. बावीस वर्षांत या धंद्यात मला असा माणूस भेटला नाही. हिला शिकवावे.'"

मंगरूनं चहा गाळायचा थांबवला. रस्त्यावरचे दोघंतिघं टेबलाजवळ येऊन उभे राहिले.

योगेश्वरी उठली. "काकाजी, हे नोका पाठवू. तुमचं नाव खराब होते."

"नाव कवाचंच खराब हाय."

डिंक नव्हता. भोजराजनी जेवणाचा डबा उघडला, भाताची चार शितं बोटानं चिरडून लिफाफा चिकटवला आणि जोडावर सावकाश सही केली.

"सही मातर पयल्यांदा खऱ्या कागदावर होऊन राहिली," ते म्हणाले. "जाय, बस सुटन."

बस गाव सोडून धानाच्या बांध्यांमधून निघाली, तरी शितं ओलीच होती. योगेश्वरी लिफाफ्यावर तळहात दाबून बसली होती. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा ती म्हणाली, "थांबा थोडं. हात रिकामा नाही."