दारावरचा पोचा

विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत गाडीला कुणी बोटही लावायचं नाही, असं तिनं गॅरेजवाल्याला बजावलं होतं. अपघातापासून नवरा दवाखान्यात बेशुद्ध होता; निदान क्लेम तरी हातचा जायला नको.

सर्व्हेअरनं ड्रायव्हरकडच्या दाराचा फोटो काढला. चांगला परातीएवढा पोचा होता.

टक्. दारातून आवाज आला. पुढच्या फोटोत पोचा ताटलीएवढाच दिसला.

"मिस्त्री, पत्रा ठोकलात का?"

"साहेब, मी इथं, हातोडा तिथं!" म्हणत गॅरेजवाला मागे सरकला.

टक्. आता जेमतेम वाटीएवढा. रिकाम्या गाडीतून कुणीतरी नेटानं पत्रा बाहेर लोटत होतं.

"बाई, आता मी लिहू काय?" सर्व्हेअर पुटपुटला.

न राहवून तिनं पोच्यावर तळवा टेकला. पत्रा कोमट होता.

तेवढ्यात दवाखान्यातून नणंदेचा फोन आला. ती रडत होती की हसत, कळेना. "वहिनी, लवकर ये! दादाचा हात हलतोय गं! डोळे मिटलेलेच आहेत, पण सारखं काहीतरी ढकलतोय."

क्लेम गेला उडत. तिनं तळवा उचलला नाही.

"अहो, आणखी थोडा जोर लावा," ती दाराला म्हणाली.