सोजरबाईच्या पुड्या

“दम्याचा पंप कधीपासून बंद केला?” डॉक्टरांनी विचारलं.

सोजरबाईला बोलवत नव्हतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. उत्तर तिच्या भावाने, भिमाजीने दिलं, तेही तोऱ्यात. “दोन म्हयनं झालं. म्याच बंद कराया लावला. आमच्या वैद्यांचं चूर्ण देतोय तिला.”

 डॉक्टर नर्सला इंजेक्शन सांगून पुढच्या खाटेकडे गेले.

भिमाजी म्हणजे चूर्णाची चालतीबोलती जाहिरात. खडी क्रशरवर वीस वर्षं धूळ खाऊन त्याची छाती कामातून गेली होती. शिरूरच्या डॉक्टरांच्या गोळीने हात थरथरायचे. पुतणीच्या लग्नात व्याह्यांच्या धोतरावर चहा सांडला आणि त्या दिवसापासून गोळी बंद. मग वैद्यांनी चूर्ण दिलं आणि बजावलं, दवाखान्याच्या गोळ्याही सोडायच्या नाहीत. त्याने अर्धंच ऐकलं. तरी महिन्याभरात तो घरापासून इनामगावच्या स्टँडपर्यंत न थांबता चालू लागला. मग काय, ज्याला त्याला चूर्णाचे गोडवे.

उरलेलं अर्धं त्याच्या बायकोने ऐकलं होतं. चांगुणा डॉक्टरांना विचारून रोज अर्धी-अर्धी गोळी कुटायची, त्याच्या चूर्णात मिसळायची. कळलं तर हा चूर्णही भिरकावेल, ही तिला धास्ती. भाऊबीजेला माहेरी आलेल्या सोजरबाईला तो म्हणाला, “तो पंप दे फेकून,” तेव्हाही झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून चांगुणा गप्प बसली. वन्सं काही लगेच पंप टाकायच्या नाहीत, अशी तिने मनाची समजूत घातली. पण सोजरबाईचा भावावर फार जीव. दौंडला परतल्यावर तिने पंप खरंच टाकला.

आता भिमाजीने खिशातून स्वतःची पुडी काढली. “घे आक्का. ह्याच्यावरच मी हिंडतोय.” तो मास्क सरकवायला वाकला. सोजरबाईनेही त्याच्याकडे बघत तोंड उघडलं.

खाटेशी उभ्या असलेल्या चांगुणाने त्याचा हात धरला. तिला रडू आवरेना.

“अवं, नगा! त्यात नुसतं चूर्ण न्हाई. डाक्टरची गोळी हाय. रोज कुटून घालते म्या. दोन्ही मिळून बरं वाटतंय तुमास्नी.”

भिमाजी स्टुलावर बसला.   बहिणीच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत त्याने विचारलं,

“आन् हिच्या पुड्या कुणी बांधल्या व्हत्या?”

“म्याच.”

“मग त्यात गोळी का न्हाई घातलीस?”