शेपूट तोडलं तरी

“आजोबा, तुमची सगळ्यात लाडकी संख्या कोणती?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून नातीनं विचारलंच. गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झालेल्या आजोबांना हे विचारलं की तासभर सुटका नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

आजोबा खुलले. “सात, तीन, नऊ, तीन, नऊ...” आणि अडले. पुढचे आकडे काही केल्या आठवेनात. मैत्रिणी खाली माना घालून खुसखुसल्या.

“बघितलंस?” बाबा हळूच म्हणाले. “म्हणून म्हणतोय, आता तुला क्लास लावू या.”

तिला मात्र आजोबांची मांडी आठवली, मांडीवरची पाटी आठवली. “चांगली आठ आकडी मूळ संख्या आहे, चिमणे! हिला एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. आता शेपटाचा आकडा पूस. उरली तीही मूळ! अजून पूस. तरी मूळ! पार एकट्या सातापर्यंत!” ती पुसत जायची, आजोबा दर वेळी टाळी द्यायचे.

“बाबा, क्लासबिस काही नको,” ती ठणकावून म्हणाली. “मी गणित आजोबांकडेच शिकणार. शेपूट गळलं तरी त्यांना आठवतंय तेवढं अजून अख्खंच आहे, मूळच आहे.”