गुप्तदात्याची ओळ

भिंतीवर काचा रोवून झाल्या आणि ओमप्रकाश शिडीवरून खाली उतरला.

"आता बसा म्हणा भिंतीवर," तो म्हणाला.

भैयाजी हसले नाहीत. जलशाचा जमाखर्च ते सांभाळत. "भिंतीवर बसणं बंद होईन, भाऊ. कान कसे बंद करसान?"

ते खरंच होतं. वर्ध्यातला हा जलसा जिनिंगच्या आवारात होई. दसऱ्याच्या आधी, नवा कापूस यायच्या आत आवार मोकळं असे तेव्हा. गवई नागपूरहून येत, कधी इंदूरहून. कनातीच्या आत तिकीट काढून बसलेले लोक आणि मागच्या भिंतीपलीकडे, रुळाकडच्या वस्तीत, फुकटे. दिव्यांच्या झगमगाटात तिकडचं काही दिसत नसे. पण गाणं रंगात आलं की पलीकडे एखादं तान्हं रडे, एखादा म्हातारा खोकत खोकत दाद देई, आणि ओमप्रकाशच्या अंगाचा तिळपापड होई.

घड्याळांच्या दुकानावर त्याचं पोट चाले. जीव मात्र या जलशात होता. लीलाबाई गेली त्या वर्षी, चौऱ्याहत्तर साली, त्याने तो सुरू केला. बायकोला गाण्याचं वेड होतं आणि जन्मभर तिने ते शेजारच्या रेडिओवर भागवलं. तिच्या नावाचं गाणं एकाही वर्षी चुकू नये, एवढंच त्याला हवं होतं.

चुकायची पाळी मात्र दरवर्षी येई. गवयाची बिदागी, मांडव, खुर्च्यांचं भाडं, वीज. जलसा म्हणजे फाटकी झोळी, वरून टाकावं ते खालून गळे. तरी शेवटी कशीबशी तोंडमिळवणी होई, ती बाबारावमुळे.

बाबाराव मालधक्क्यावर हमाली करी. जलशाच्या थोडं आधी तो दुकानात येई, रुमालाची गाठ सोडून चिल्लर काउंटरवर ओती आणि शेवटची अख्खी ओळ घेऊन जाई. त्या ओळीच्या पैशांत तबलजी आणि पेटीवाला दोघंही भागत. पण त्या ओळीत कधी कोणी येऊन बसलं नाही.

एकदा ओमप्रकाशने विचारलंच. "तिकिटं नेता, मंग येत काऊन नाई?"

"येते ना लोकं," बाबाराव म्हणाला. जाता जाता पुढे म्हणाला, "एक भोंगा मागच्या ओळीकडं करजो, भाऊ. मागं आवाज कमी येते."

तो गेल्यावर भैयाजींनी ओमप्रकाशला दटावलं. "खोदू नको. किराणावाल्या कोण्या शेटचं गुप्तदान हाय ते. चिल्लर पाह्यली नाई का, गल्ल्यातली? गुप्तदान करणाऱ्याले नाव विचारलं का दान बंद पडते."

हे आपल्याकडे कोणालाही पटतं. ओमप्रकाशने पुन्हा कधी विचारलं नाही. भोंगा मात्र दरवर्षी आठवणीने मागे वळवला. शेट कधी आलाच तर त्याला नीट ऐकू यावं.

काचांनी काही साधलं नाही, तेव्हा त्याने सभागृहाचा ध्यास घेतला. शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा मिळाली. तो वर्षानुवर्षं दारोदार फिरला. स्वतःचा प्लॉट विकला, शेवटी लीलाबाईच्या पाटल्याही विकल्या. पाटल्या देताना तो सराफाच्या ओट्यावर बसून रडला. पण भिंती उभ्या राहिल्या, जाडजूड, बाजूला एकही खिडकी नसलेल्या.

बांधकाम संपत आलं तेव्हा बाबाराव एकदा येऊन गेला. भिंतीवरून त्याने हात फिरवला.

"आवाज बाहेर जाईन का, भाऊ?"

"थेंबभर नाई," ओमप्रकाश अभिमानाने म्हणाला. "फुकट्याइचा बंदोबस्त केला. शेटले सांगजो."

बाबारावने भिंतीवर एकदा थाप मारून पाहिली. मग "पक्की हाय भिंत," एवढंच म्हणून निघून गेला.

त्र्याऐंशी साली नव्या सभागृहात पहिला जलसा ठरला. दाराशी दगडी पाटी बसली: 'अनामिक गुप्तदात्यास कृतज्ञतापूर्वक'. शेवटच्या ओळीला ओमप्रकाशने मुद्दाम गादीच्या खुर्च्या लावल्या.

त्या वर्षी बाबाराव दुकानात आलाच नाही.

जलसा झाला. गाणं चांगलं झालं. नेहमीचे लोक नेहमीच्या जागी बसले. भिंती जाड झाल्या तरी फुकट्यांपैकी एकही तिकीट काढून आत आला नाही. गादीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्या आधीही राहत, पण या वेळी त्या विकल्याच गेल्या नव्हत्या. तबलजीचे पैसे ओमप्रकाशने दुकानातली दोन घड्याळं विकून दिले.

"शेट रुसला," भैयाजी म्हणाले. "पुढच्या साली जलसा होत नाई आता."

हे ऐकून ओमप्रकाशला झोप लागली नाही. रीत गेली खड्ड्यात, असं म्हणून सकाळी तो मालधक्क्यावर गेला. तिथून कोणी तरी त्याला जिनिंगच्या मागच्या वस्तीत धाडलं.

इतक्या वर्षांत तो तिकडे कधी फिरकला नव्हता. भिंतीच्या कडेने जमीन सारवलेली होती, बसायला चपटे दगड मांडलेले होते. एक म्हातारा बाजेवर पडून खोकत होता. भिंतीवर ओमप्रकाशने स्वतः रोवलेल्या काचा उन्हात चमकत होत्या.

बाबारावच्या बायकोने, तानाबाईने, पाणी आणून दिलं. ओमप्रकाशने तांब्या हातात घेतला, पण घोट घेतला नाही.

"बाबाराव, मी हात जोडतो. शेटचं नाव सांग. त्यायच्या पाया पडतो. माह्यं काही चुकलं असंन तं माफी मागतो. पण ते ओळ सोडू नका म्हणा. बायकोच्या नावाचं गाणं हाय ते."

बाबारावने तानाबाईकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"शेट कोणाचा, भाऊ? घरटी वर्गणी काढून आमीच घेत होतो तिकिटं. आता तुमचं गाणं इथवर येतच नाई, मंग तिकीट कशाचं घ्याव?"