चौथ्या खांबावरचं चित्र

राखीव जंगलातली पानगळीची भटकंती सगळ्यांना खुली होती; वाटाड्या नाही, हातात नुसता नकाशा. वाटेतल्या प्रत्येक खांबावरच्या कोरीव पाटीवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, की चित्र उमटायचं. घुबड, कोल्हा, साळिंदर झालं, आणि नर्सबाईंबरोबर आलेल्या त्यांच्या नवऱ्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

“तू हो पुढे. मी येतो सावकाश.”

चौथ्या खांबाशी बाईंनी पेन्सिल घासली. खांबावर वाकलेली एक बाई उमटली. खांद्यावरून पुढे आलेली वेणी थेट त्यांचीच.

त्यांनी कागद उचलून पाटी चाचपली. काचेसारखी गुळगुळीत.

कागदाचा एक कोपरा कोरा राहिला होता. राहवेना, म्हणून कागद परत ठेवून तोही घासला. त्या बाईच्या मागे कुणीतरी उभं होतं, वेणीकडे हात नेलेला.

“अहो?” मागे न बघताच त्यांनी विचारलं.

“अगं, अजून खालीच आहे मी!” दूरच्या वळणावरून नवरा ओरडला.

खांद्यावरची वेणी हळूच मागे ओढली गेली.