सूचनांमधली शेवटची ओळ
"दडवल्या दाण्याला गं कोंब येतो काळोखात," वसईला भात सडताना आई गायची. ग्वाल्हेरच्या चर्चमागच्या खोलीत फादर ज्योएलना तो आवाज आठवला. मिस्सेच्या उपासनेनंतर भाविकांसमोर वाचायच्या सूचनांच्या कागदावरची त्यांनी लिहिलेली शेवटची ओळ थोरल्या फादरांनी सलग चौथ्या रविवारी खोडली होती: 'लहानपणापासून मी मनातून बाई आहे, प्रार्थनेत मला सांभाळा.' "बिशपांना सांगितलंस, डॉक्टरांना सांगितलंस. आता ग्वाल्हेरभर, कंपूपासून नई सडकेपर्यंत दवंडी कशाला? पापनिवेदनात सांग आणि मिटव एकदाचं." "तिथं पापं सांगतात, फादर. हे पाप नाही." "वैताग आणलास बाबा. तुला इथून हलवतील, समजतंय?" "समजतंय." ज्योएलनी ती ओळ पुन्हा लिहिली. थोरल्यांनी पेन हिसकावलं, पण खोडलं नाही. "हलवतील रे तुला," ते पुटपुटले. "मग मरताना माझ्या कपाळाला पवित्र तेल कोण लावेल? दुसऱ्या कुणाचा हात मला नकोय."