आधी याला टोचा

“सायकल, लिंबू, खिडकी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “काका, हे तीन शब्द लक्षात ठेवा. थोड्या वेळाने विचारीन.”

म्हाताऱ्याने मान डोलावली. शेजारी बसलेल्या मुलाने अ‍ॅसिडिटीची गोळी कोरडीच गिळली, वर्षानुवर्षांची सवय. स्वतःसाठी तो दवाखान्याची पायरी कधी चढला नव्हता, पण बापासाठी रजा काढून आला होता.

“गॅस चालू राहतो, नळ वाहत राहतो. परवा चाव्या फ्रिजमध्ये सापडल्या! घरात आम्ही दोघंच. मी कामावर गेल्यावर काही झालं तर?”

बापाला वृद्धाश्रमात ठेवावं लागणार, या विचाराने तो धास्तावला होता.

“शब्द आठवतात, काका?”

म्हातारा छताकडे बघत राहिला. “लिंबू... आणि काय बुवा?”

मुलाला भरून आलं. मुंग्या आलेल्या बोटांतून त्याचा रुमाल निसटला. तो बापाने उचलून दिला.

“बी-बारा जीवनसत्त्व तपासू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पोटातलं आम्ल ते अन्नातून सुटं करतं. हे जीवनसत्त्व अंगी लागलं नाही, तर मज्जातंतूंवरचं वेष्टण विरायला लागतं. मग विसरायला होतं. वेळेवर कळलं तर बहुतेक भरून येतं.”

सुई बघताच म्हाताऱ्याने हात पाठीमागे लपवला. “आधी याला टोचा.”

“बाबा, लहान आहात का तुम्ही?”

“मग मी नाही जा! आणि बाई, याचं रक्त नुसतं काढू नका, तपासासुद्धा. नाहीतर हा मला गंडवेल.”

हट्टाला पेटलेल्या म्हाताऱ्यापुढे कोणाचं चालतं? मुलाने वैतागून बाही वर केली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले आणि हसल्या. “बी-बाराच कमी आहे. इंजेक्शनं घेतली की सुधारेल.”

“म्हणजे बाबा घरीच राहतील!” मुलाने बापाला मिठीच मारली. लाजबीज सगळी विसरून तो रडला.

डॉक्टरबाईंनी इंजेक्शन भरलं. “चला, बाही वर करा.”

“बाबा, करा ना वर.”

“काका नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही.”

म्हाताऱ्याने मुलाची बाही हळूच वर सरकवली, दंड घट्ट धरला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, “सायकल, लिंबू, खिडकी.”